बैलाच्या जागी विनोबा

एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, विनोबा भावे कोण? उत्तर धाडधाड येईल. जन्म ११ सप्टेंबर १८९५, गागोदे. पहिले वैयक्तिक सत्याग्रही, १९४०. भूदान, पोचमपल्ली, १८ एप्रिल १९५१. मॅगसेसे १९५८. भारतरत्न १९८३, मरणोत्तर. झालं, मार्क मिळाले, पुढचा प्रश्न.

या तारखांच्या मधे १९५० हे साल कुठेच येत नाही. त्यावर प्रश्न येत नाही, म्हणून ते कुणी वाचतही नाही. त्या सुमारास वर्ध्याजवळच्या पवनारला पन्नाशी ओलांडलेला, पोटाच्या दुखण्याने बेजार असलेला एक किडकिडीत माणूस रोज विहिरीवर जायचा आणि जिथे बैल जुंपतात तिथे स्वतः उभा राहून रहाट ओढायचा. कारण काय, तर आश्रमात विकतची भाजी आणायची नाही असं ठरलं होतं. भाजी पिकवायची तर पाणी हवं, आणि पाणी काढायला बैल वापरायचा नाही, हेही ठरलं होतं.

सध्या घरच्या घरी भाजी पिकवायचं वेड आपल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहे. बाल्कनीतले टोमॅटो, गच्चीवरची मेथी, बाटली कापून लावलेला पुदिना. सावेडीतल्या भाड्याच्या खोल्यांच्या खिडक्यांतही एखादी कुंडी दिसतेच. चांगलंच आहे ते. फक्त ही कल्पना कुठल्या परदेशी यूट्यूबरची नाही, आणि ज्या मराठी माणसाने ती शेवटापर्यंत ताणून पाहिली, त्याला तिच्यात काय काय सापडलं, हे वाचण्यासारखं आहे.

विळीपासून सुरुवात

गागोदे हे रायगड जिल्ह्यातलं, तेव्हाच्या कुलाब्यातलं छोटं गाव. विनायक नरहर भावे तिथे वाढला. आई रुक्मिणीबाई फार शिकलेली नव्हती, पण घरातले नियम तिचे होते. तुळशीला पाणी घातल्याशिवाय जेवायला बसायचं नाही. अंगणातल्या झाडाचा फणस कापला की गरे आधी शेजारीपाजारी वाटून यायचे, मग स्वतः खायचे. वाटायला विन्यालाच पाठवायची. पुढे उभ्या देशाकडे जमीन मागणाऱ्या माणसाचं वाटपाचं पहिलं ट्रेनिंग हे असं झालं.

वडील बडोद्याला नोकरीला होते, म्हणून सगळं घर तिकडे गेलं. विनायक हुशार, गणितात पुढे, वाचनवेडा आणि थोडा विक्षिप्त. एके दिवशी त्याने आपली सर्टिफिकेटं आईच्या चुलीत घातली. (घरी हा प्रयोग करू नका.) मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा मुलगा मधेच सुरतला उतरला आणि काशीला गेला. तिथे गांधींच्या भाषणाबद्दल वाचलं, पत्रव्यवहार झाला, आणि ७ जून १९१६ रोजी तो अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात पोहोचला.

पहिल्या भेटीत गांधी काय करत होते? भाजी चिरत होते. देशाचा एवढा पुढारी भाजी चिरत बसलाय, हे वीस वर्षांच्या मुलाला नवीनच होतं. गांधींनी त्याच्याही हातात सुरी दिली. बडोद्याच्या या विद्यार्थ्याने तोवर असलं काम कधी केलेलं नव्हतं. तत्त्वज्ञानावर बोलायला आलेला मुलगा भाजी चिरायला बसला. ‘विनोबा’ हे नावही पुढे आश्रमातच मिळालं.

मधे एक वर्षाची रजा घेऊन ते संस्कृत शिकायला वाईला गेले. तिथे त्यांनी विद्यार्थ्यांचं एक मंडळ काढलं आणि वाचनालय सुरू केलं. पुस्तकांना पैसे कुठून आणायचे? या पोरांनी लोकांचं धान्य जात्यावर दळून द्यायला सुरुवात केली आणि त्या दळणाच्या पैशांतून वाचनालय चालवलं. कॉलेजच्या फेस्टसाठी स्पॉन्सर शोधत फिरणाऱ्यांनी ही आयडिया लिहून ठेवायला हरकत नाही. वर्ष संपलं तेव्हा ते ठरल्या दिवशी आश्रमात परत हजर होते.

१९२१ मध्ये गांधींनी त्यांना वर्ध्याला पाठवलं, आणि पुढचं आयुष्य त्याच मातीत गेलं. तुरुंगवाऱ्या झाल्या. गीताई लिहून झाली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचनं झाली, ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. हे सगळं तुम्हाला कुठल्याही गाइडमध्ये मिळेल. मला त्यांची एक सवय जास्त महत्त्वाची वाटते. कुठलीही गोष्ट लोकांना सांगायच्या आधी ती ते स्वतःच्या अंगावर करून बघायचे. १९३५ मध्ये खादीसाठी सूत कातणाऱ्या बायकांच्या मजुरीचा प्रश्न आला, तेव्हा विनोबांनी वर्ध्याजवळ नालवाडीला दिवसातले आठ-आठ तास सूत कातलं आणि त्या सुताची जी मजुरी होईल, तेवढ्यात जेवण भागवायचं ठरवलं. त्या मजुरीत पोट भरतं की नाही, ते त्यांच्या ताटाने सांगितलं.

रोज दोन मिनिटं जास्त

अशा प्रयोगांनी शरीर उतरलं. १९३८ पर्यंत वजन ८८ पौंडांवर आलं. म्हणजे जेमतेम ४० किलो. गांधींनी बजावलं की कुठेतरी हवापालटाला जा. विनोबांनी थंड हवेचं ठिकाण निवडलं नाही. नालवाडीहून काही मैलांवर पवनारला, धाम नदीच्या काठी, जमनालाल बजाज यांचा एक बंगला रिकामा होता. तिथे ते राहायला गेले.

आराम म्हणजे काय, तर खणायला घेतलं. पहिल्या दिवशी पाच मिनिटं. दुसऱ्या दिवशी दोन मिनिटं जास्त. तिसऱ्या दिवशी आणखी दोन. असं करत करत तास-तासभर. आजच्या जिम ट्रेनरला हा तक्ता दाखवला तर तो मान डोलावेल. दहा महिन्यांत वजन १२८ पौंडांवर गेलं, म्हणजे जवळपास १८ किलोंची भर. दवाखाना नाही, हिलस्टेशन नाही. कुदळ, मोकळी हवा आणि वेळेवर जेवण.

पवनार ही साधी जागा नाही. वाकाटक राजांचं प्रवरपूर ते हेच, असं मानलं जातं. तिथे कुठेही कुदळ मारली की दीड हजार वर्षांपूर्वीचं काहीतरी वर येतं. आश्रमाच्या जमिनीत खणताना एक शिल्प हाती लागलं. विनोबांनी त्यात राम आणि भरताची भेट पाहिली आणि ते तिथेच बसवलं. भाजीसाठी वाफा खणावा आणि खालून भरत-भेट निघावी, असं लिहिलं तर संपादक म्हणतील जरा जास्त होतंय. पण ते शिल्प आजही तिथे आहे.

थोड्याच वर्षांनी खणण्याचा असाच उद्योग आपल्या नगरात चालू होता. ऑगस्ट १९४२ पासून काँग्रेसचे बारा नेते भुईकोट किल्ल्यात कैदेत होते. नेहरू त्यांतले एक, आणि ते अंगणातल्या दगडमातीत, जुन्या बांधकामाच्या राडारोड्यात तासन्‌तास खणून फुलझाडांचे वाफे करत होते. त्यांनी किल्ल्यात लिहिलेल्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’च्या सुरुवातीलाच ही बागकामाची हकिगत आहे. या बारा जणांत शंकरराव देवही होते. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. विनोबा त्या वेळी दक्षिणेत वेल्लोरच्या आणि मग मध्य प्रांतात शिवनीच्या तुरुंगात होते.

गावाची घाण, शेताचं खत

सुटून आल्यावर विनोबांनी जे काम धरलं, त्याचा फोटो कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. पवनारपासून काही मैलांवर सुरगाव नावाचं गाव आहे. १९४६ पासून ते रोज सकाळी खांद्यावर फावडं टाकून सुरगावला चालत जायचे. लोक उघड्यावर बसायचे, ती विष्ठा गोळा करून मातीत पुरायची, हे काम. रोज. पाऊस असो, थंडी असो.

एकदा वाटेतल्या ओढ्याला पूर आला. पलीकडे जाता येईना. विनोबा काठावर उभे राहिले आणि पलीकडच्या माणसाला हाक मारून निरोप दिला की देवळातल्या देवाला जाऊन सांग, गावाचा सफाई कामगार आला होता, पुरामुळे पोहोचू शकला नाही. मग ते घरी परतले. हजेरी लागली!

हे काम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींच्या माथी मारलेलं होतं. साबरमतीच्या आश्रमात विनोबांच्या धाकट्या भावाने, बाळकोबाने, मैला उचलायला सुरुवात केली होती आणि विनोबा त्याच्या मागे गेले होते. ब्राह्मण घरातली मुलं हे करतात म्हणून तेव्हा आश्रमातसुद्धा कुजबुज झाली. सुरगाव ही त्याच गोष्टीची पुढची पायरी होती.

पण यात शेतीचाही एक सरळ हिशेब होता. शेतातून धान्य येतं, आपण खातो, आणि जमिनीतून उचललेलं सत्त्व नाल्यात, नदीत सोडून देतो. जमीन दरवर्षी थोडी गरीब होते आणि नदी दरवर्षी थोडी घाण. गांधींच्या मंडळींत या खताला सोनखत म्हणायचे. चर खणायचा, त्यात मैला, वर माती आणि पालापाचोळा. हवा खेळती राहिली आणि ओल बेताची असली की जिवाणू कामाला लागतात, ढीग आतून तापतो, वास जातो, आणि काही महिन्यांनी काळीभोर माती उरते. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन कणकवलीच्या गोपुरीत आयुष्यभर याच कामात होते. तुमच्या बाल्कनीत अर्थातच याची नक्कल करायची नाही, नीट न कुजलेल्या मैल्यातून जंत आणि रोग पसरतात. पण भाजीची देठं, सालं, उरलेलं अन्न यांचं गणित तेच आहे. ओला कचरा घंटागाडीत आणि सेंद्रिय खताची पिशवी ऑनलाइन, हे विनोबांना समजावून सांगणं जरा अवघड गेलं असतं.

सुरगावचं काम वीस वर्षं करायची त्यांची तयारी होती. जानेवारी १९४८ मध्ये गांधींची हत्या झाली आणि ते थांबलं. पुढचे काही महिने विनोबा फाळणीतल्या निर्वासितांच्या कामात दिल्लीच्या बाजूला होते. सरकारी यंत्रणा, शब्द, आश्वासनं, सगळं जवळून पाहिलं. परत आले ते बेचैन होऊन.

पैशाला रजा

तेव्हाचा देश डोळ्यांसमोर आणा. रेशनिंग चालू होतं. धान्य परदेशातून येत होतं. बंगालचा दुष्काळ लोक विसरले नव्हते. १९४३ मध्ये सुरू झालेली ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम स्वातंत्र्यानंतरही चालूच होती, आणि पुढारी भाषणांतून लोकांना पिकवा पिकवा म्हणून सांगत होते. पवनारचा परंधाम आश्रम मात्र चालत होता देणग्यांवर, म्हणजे कुणीतरी कमावलेल्या पैशावर. विनोबांना हे खटकलं. माणसाला श्रमाचं मोल पैशात मोजायची सवय लागली की जो पिकवतो तो गरीब राहतो आणि जो मोजतो तो श्रीमंत होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मग ठरलं, आश्रमाने पैसा सोडायचा. नाव दिलं कांचनमुक्ती. देणगी द्यायची असेल तर पैशाची नको, श्रमाची द्या. येऊन खणा, निंदा, पाणी काढा.

सुरुवात भाजीपासून झाली. हे मला फार आवडतं. सगळं एकदम सोडतोय असा आव नाही. आधी भाजी. ती बाजारातून आणणं बंद. मग धान्य. कापड तर स्वतःच्या सुताचं होतंच.

भाजीला रोज पाणी लागतं. विहिरीवर रहाट होता. बैल गोल फिरतो, चाक फिरतं, पोहरे भरून वर येतात. विनोबांनी त्या रहाटाला माणसांनी ढकलायच्या आडव्या दांड्या लावून घेतल्या आणि बैलाच्या वाटेवर माणसं चालायला लागली. तेही त्यांच्यात. गोल गोल चालायचं, म्हणजे डोक्याला काम नाही, म्हणून चालता चालता गीताईचे श्लोक म्हणायचे. पाणीही निघतं, पाठांतरही होतं. ज्यांनी हॉस्टेलवर फेऱ्या मारत पाठांतर केलंय त्यांना हे लगेच कळेल. जोडीला नवी विहीर खणायलाही घेतली. आश्रमातली बरीचशी तरुण पोरं शिकलेल्या घरांतली होती. कुदळीने हाताला आलेले फोड फुटून तिथे घट्टे पडले.

या शेतीला विनोबांनी नाव दिलं ऋषिशेती. त्यांनी शेतीचे तीन प्रकार पाडले होते : माणसाच्या हातांची ती ऋषिशेती, बैलाची ती वृषभशेती आणि यंत्राची ती इंजिनशेती. नावं ठेवण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. हातांच्या शेतीमागचा विचार भाबडा नव्हता. ज्याच्याकडे तुकडाभर जमीन आहे, त्याला बैलजोडी परवडत नाही, कारण बैलांच्या चाऱ्यालाच जमीन लागते. लहान तुकडा असेल तर तो माणसाने स्वतः कसणं शक्य आहे का, आणि त्यावर पोट भरतं का, हे त्यांना बघायचं होतं.

आता जरा आपला हिशेब करू. रेशनवर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. चार माणसांच्या घराला तेवढंच धरलं तरी वर्षाचं २४० किलो. आपल्या जिल्ह्यातल्या कोरडवाहू रानात ज्वारी एकरी चार-पाच क्विंटल हाती लागली असं धरा. म्हणजे फक्त भाकरीसाठी अर्धा एकर, २० गुंठे. एक गुंठा १,०८९ चौरस फूट, साधारण एका मोठ्या बंगल्याची गच्ची. एका घराच्या भाकरीला अशा वीस गच्च्या लागतील. डाळ, तेल वेगळं. बाल्कनीत मेथी तीन-चार आठवड्यांत येते, कोथिंबीर पाच-सहा आठवड्यांत, मुळा दीड महिन्यात. त्याची चव वेगळीच, रोजची एक पेंडी सुटते, ओला कचरा जिरतो. पण स्वतःचं अन्न स्वतः पिकवतो असं म्हणायचं तर आधी एक प्रश्न येतो, जमीन कुणाची?

पवनारच्या प्रयोगातली खरी अडचणही हीच होती, असं मला वाटतं. आश्रमाची माणसं घाम गाळत होती हे खरं, पण ज्या जागेवर गाळत होती ती आधीच मिळालेली होती. एका उद्योगपतीच्या बंगल्याभोवती हे सगळं उभं होतं. ज्याच्या नावावर एक गुंठाही नाही, त्याने कुठे कुदळ मारायची? पवनारमध्ये बसून या प्रश्नाचं उत्तर मिळणार नव्हतं. ते विचारणारी माणसं दुसरीकडे भेटणार होती.

एक हट्ट आणि तीनशे मैल

मार्च १९५१. हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन भरायचं होतं. विनोबांची जायची इच्छा नव्हती, शेतीचा प्रयोग रंगात आलेला होता. शंकरराव देवांनी, म्हणजे आपल्या किल्ल्यातल्या त्या बारा जणांपैकी एकाने, हट्टच धरला. तुम्ही येणार नसाल तर संमेलन कशाला घ्यायचं, इथपर्यंत. विनोबा तयार झाले. पण रेल्वेने जायचं तर तिकीट, तिकिटाला पैसा, आणि पैसा तर सोडलेला. मग चालत. सुमारे तीनशे मैल.

म्हणजे बघा, भूदानाची ती पदयात्रा आधीपासून आखलेली मोहीम नव्हती. भाजी विकत न घ्यायच्या हट्टातून तिकीट न काढायचा हट्ट निघाला, आणि त्यातून पायपीट.

संमेलन झाल्यावर ते तेलंगणात शिरले. तिथे जमीनदार आणि कम्युनिस्ट यांच्यात सशस्त्र झगडा पेटलेला होता. दिवसा पोलीस, रात्री बंदुका. १८ एप्रिलला ते पोचमपल्लीत पोहोचले. दलित वस्तीतल्या चाळीस कुटुंबांनी त्यांना सांगितलं की आम्हाला कसायला ८० एकर जमीन मिळाली तर आमचं भागेल, ४० ओलिताची आणि ४० कोरडवाहू. या लोकांना ऋषिशेती शिकवायची गरज नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या रानात तीच तर करत होते. विनोबांनी सभेत गावालाच विचारलं, कुणी देईल का? रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उभे राहिले आणि त्यांनी १०० एकर देऊ केली.

त्या रात्री विनोबांना नीट झोप लागली नाही असं सांगतात. दुसऱ्या दिवसापासून ते गावोगाव जमीन मागायला लागले. पुढे मागणीचा हिशेबही ठरला. घरात पाच मुलं असतील तर मला सहावा मुलगा समजा आणि सहावा हिस्सा द्या. त्याच वर्षी नियोजन मंडळाशी बोलायला नेहरूंनी त्यांना दिल्लीला बोलावलं. विनोबा पवनारहून चालतच निघाले आणि राजघाटावर झोपडीत उतरले. पहिल्या पंचवार्षिक योजनेवर त्यांचा मुख्य आक्षेप साधा होता, देशाने अन्नाच्या बाबतीत स्वतःच्या पायावर उभं राहायची हमी त्यात दिसत नाही. दोघेही माती खणलेले होते. एकाच्या वाफ्यात फुलं होती, दुसऱ्याच्या वाफ्यात भाजी. फार ताणत नाही, पण मतभेद तिथेही दिसतो.

चालणं तेरा वर्षं चाललं. जमीन मिळाली ती ४० लाख एकरांच्या वर. आकडा ऐकून छाती फुगते, पण खाली उतरून पाहिलं तर चित्र वेगळं आहे. बरीच जमीन खडकाळ होती, बरीच कोर्टकज्ज्यातली, बरीच फक्त कागदावर दिलेली. मोठा हिस्सा भूमिहीनांपर्यंत पोहोचलाच नाही. ध्येय पाच कोटी एकरांचं होतं. भूदान फसलं म्हणणारे अभ्यासक कमी नाहीत, आणि त्यांच्याकडे पुरावे आहेत. उलट बाजूही आहे, मागून मिळालेल्या जमिनीवर आज पोट भरणारी कुटुंबंही देशात आहेत. आणीबाणीत विनोबांनी जी भूमिका घेतली, तिच्यावरून त्यांच्यावर झालेली टीका तर अजून थांबलेली नाही. ती माझ्याही गळी उतरत नाही. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

पवनारच्या त्या प्रयोगाचं काय झालं? विनोबा निघून गेले तरी तो मेला नाही. मार्च १९५९ मध्ये त्यांनी तिथे ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं, बायकांनी बायकांसाठी चालवलेला आश्रम. तेव्हाच्या हिशेबाने ही मोठीच गोष्ट होती. साधना करायची ती पुरुषांनी आणि बायकांनी स्वयंपाक सांभाळायचा, या वाटणीला तिथे जागा नव्हती. शेती, स्वयंपाक, सफाई, छपाई, सगळी कामं बहिणी स्वतः करत. निर्णय बहुमताने नाही, सर्वांच्या संमतीने. एकीचाही विरोध असेल तर थांबायचं. ‘मैत्री’ नावाचं हिंदी मासिक त्यांनी चालवलं.

आपल्या जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी परसबागेतून गावठी बियाण्यांची बँक उभी केली आणि त्यांना पद्मश्री मिळाली, हे तुम्हाला माहीत आहे. विनोबांचा आणि राहीबाईंचा थेट संबंध काही नाही. पण बी विकत आणायचं नाही, हा हट्ट मला भाजी विकत आणायची नाही या हट्टाचा सख्खा भाऊ वाटतो. फरक एवढाच की राहीबाईंना प्रयोग म्हणून गरिबी घ्यावी लागली नाही, ती होतीच.

१९६४ मध्ये विनोबा पवनारला परतले आणि पुढची वर्षं हळूहळू एकेक गोष्ट सोडत गेले. फिरणं, भाषणं, लिहिणं. जगाच्या नकाशावरून गावं शोधणं आणि अंगणातलं गवत, पालापाचोळा वेचणं एवढं मात्र चालू होतं. नोव्हेंबर १९८२ मध्ये प्रकृती ढासळली. ८ नोव्हेंबरला त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घ्यायचं थांबवलं. १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशी, ते गेले. धाम नदीच्या काठावरच दहन झालं, ज्या आवारात त्यांनी पहिल्या दिवशी पाच मिनिटं खणलं होतं तिथून थोड्याच अंतरावर.